मागची सीट

६ नोव्हें., गुरुवार

वि. आज मार्केट यार्डातून येताना एक खोकं घेऊन आले. आत दोन गोल दिवे, काळे, जड. मोटरसायकलला लावायचे, मुख्य दिव्याच्या दोन बाजूंना. "थंडीत लवकर अंधार पडतो. जास्तीचा उजेड असलेला बरा."
मी म्हटलं, बरा.
विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात.

मनगट ठणकतंय. थंडीमुळे असेल. ऑगस्टचा तो प्रकार इथे लिहायचा राहिलाच, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आज लिहून टाकते म्हणजे सुटले.

बिबवेवाडीहून ताईकडून परत येत होतो. उजवीकडे वळायचं होतं. मी हात काढला. ही माझी लग्नापासूनची सवय, पहिल्या स्कूटरपासूनची. त्या स्कूटरचे इंडिकेटर कधी लागलेच नाहीत, त्यामुळे मीच इंडिकेटर. पुढे गाड्या बदलल्या, ही भलीमोठी क्रूझर आली, तरी वळण आलं की माझा हात आपोआप बाहेर. मागून स्कूटरवाला उजव्या अंगानेच घुसला, त्याचं हँडल हाताला लागलं आणि आम्ही तिघेही रस्त्यावर. वि.ना कोपरावर खरचटलं, मला हे मनगट. पोरगा चांगल्या घरचा होता. पळून गेला नाही, रिक्षा बोलावली, रडवेला झाला होता. "काका, इंडिकेटर दिसलाच नाही हो."
दिसणार कसा? मागे दोन्हीकडे चामड्याच्या पिशव्या, इंडिकेटर त्यांच्या आड.
एवढा माझा हात दिसला नाही का, हे मी काही विचारलं नाही.
तेव्हापासून मागे बसलेली नाही. वि. 'बस' म्हणत नाहीत, मी 'बसते' म्हणत नाही.

९ नोव्हें., रविवार

सकाळपासून वि. खाली पार्किंगमध्ये. पाने, पकड, पाट, चहाचा थर्मास. दोनदा वर आले, एकदा पट्टी शोधायला आणि एकदा पट्टी बोटाला लावायला. पहिल्या मजल्यावरचे लिमये वाकून म्हणाले म्हणे, "काय, इंजिन उघडताय की देऊळ बांधताय?"

संध्याकाळी मला खाली बोलावलं. दिवे लावून दाखवले. समोरची भिंत पांढरीफटक, तिच्यावरची पाल सुद्धा दचकली. वि.चा चेहरा असा काही फुलला होता की मला 'छान' म्हणावंच लागलं.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर लिमयांचा मेसेज: "दिवाळी होऊन गेली आहे. पार्किंगमधील रोषणाई कोणाच्या स्वागताप्रीत्यर्थ आहे हे आधी कळल्यास आम्हीही आंघोळ करून बसू."

१० नोव्हें., सोम.

बॅटरी उतरली. दिव्यांची वायर वि.नी थेट बॅटरीवर घेतलेली, चावी काढली तरी दिवे चालूच राहतात, आणि बटण बंद करायचं राहिलं. सकाळी गाडी ढिम्म. बसने गेले. त्यांच्या भुसारच्या दुकानात हिशेबनीस उशिरा आला की हमालसुद्धा घड्याळ बघतात, म्हणून तोंड पाडून गेले.

मी खाली जाऊन बघितलं. बघायला नको होतं. वायरी नुसत्या पिळलेल्या, वर काळी टेप. फ्यूज नाही, रिले नाही. माझा उभा जन्म भोसरीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करण्यात गेला. आमच्या लाइनवर असा जोड कुणी केला असता तर त्याला त्या दिवशी चहा कुणी विचारला नसता.
सगळी टेप सोडवून टाकली. वायरी मोकळ्या केल्या. मग जरा बरं वाटलं.

११ नोव्हें.

"कुणी सोडवलं?"
"मी."
"बरं केलंस." थोड्या वेळाने, ताटावरून, "मग आता?"
"आता नीट करायचं."
एवढंच. पण भात दोनदा घेतला.

१२ नोव्हें., बुध.

काही नाही. डोकं दुखलं. मेथी चांगली मिळाली.

१३ नोव्हें., गुरु.

बुधवार पेठेत गेले, चालतच. रिले, फ्यूज, बटण, वायर दोन रंगांत, गरम केली की आवळून बसणारी नळी. निवृत्त झाल्यापासून त्या गल्लीत पाय टाकला नव्हता. शिश्याच्या धुराचा तो वास आला आणि उगाच भूक लागली.
दुकानदार नवा. म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना बरोबर कळेल काय हवं ते."
"त्यांना कळलं असतं तर मी आले असते का?"
मग नीट बोलला.

१५ नोव्हें., शनि.

नवीनच अडचण. दिव्यांची पट्टी त्या रविवारी नुसती तारेने बांधली होती, ती नीट जिथे बसते तिथेच कंपनीने पुढचे इंडिकेटर बसवलेत. दिवे ठेवायचे तर इंडि. तिथून हलवायला हवेत. म्हणून वि.नी भवानी पेठेत मुनीरभाईंकडे गाडी नेली. मी रिक्षाने मागोमाग. नवरा-बायको एकाच ठिकाणी दोन वाहनांनी पोचलो. मुनीरभाईंनी ते पाहिलं.

मुनीरभाईंचे वडील पत्र्याच्या पेट्या करायचे, हे गाड्यांच्या पट्ट्या आणि गार्ड करतात. दुकान तेच, ऐरणही तीच. त्यांनी पुढचे इंडि. खाली, चाकाच्या दोन्ही दांड्यांवर घ्यायचं ठरवलं. मागचे पिशव्यांच्या बाहेर येतील असे लांब दांडीवर. कागदावर काही काढलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने हवेत दाखवलं, झालं.
"आणि दिव्यांचं तोंड जरा खाली ठेवा, साहेब. समोरचा आंधळा झाला तर तो येणार कुणावर? तुमच्यावरच ना."
मग पिशव्या चाचपत, "मागे कोण बसतं?"
वि. ऐरणीकडे बघायला लागले.
मी म्हटलं, "सध्या पिशव्याच बसतात."
मुनीरभाई हसले नाहीत. "पट्ट्या मजबूत करतो," म्हणाले.

१६ नोव्हें., रवि.

आजचा दिवस चांगला गेला. लिहायला हवा.

मी गाडीच्या तोंडासमोर स्टुलावर, मुख्य दिव्याचा डबा उघडून. वि. खाली फरशीवर, मला हवं ते हातात देत. वायरी आता पुरेनात म्हणून लांब केल्या. जोड सगळे शिश्याने, वर नळी. मेणबत्तीने गरम केली तर वि. म्हणाले, "हे काय, वायरीला धुरी देतेस?" दिवे आता चावी फिरवल्याशिवाय लागत नाहीत. लिमये दोन वेळा येऊन गेले, दुसऱ्या वेळी चक्क बसले. "वहिनी, आमच्या बेलचं बघाल का एकदा?" म्हटलं, बघते. बेल बिघडलेलीच बरी असं ते आजवर म्हणत आलेत.

मग तपासणी. मी समोर, वि. गाडीवर.
"डावा. लागला?"
"लागला."
"उजवा?"
"लागला."
"आता मागून बघ."
मागे गेले. लागला. लागला.

मधेच वि. त्यांच्या दुकानातल्या गमती सांगायला लागले. गुळाच्या ढेपेवर बसलेली मांजर, तिला उठवलं तर ढेपही उठली. मी एवढी हसले की हातातली पकड पडली. आणि मग लक्षात आलं की आम्ही सलग बोलतोय. किती महिन्यांनी.

आम्ही घरात बोलत नाही. भांडण म्हणून नाही, जमत नाही. घरात टीव्ही असतो, कुकर असतो, फोन असतो. आमचं सगळं बोलणं आजवर गाडीवर झालं. आमच्या मधूचं इंजिनीअरिंग सोडून स्वयंपाकाचं शिकायला जाणं, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, माझी नोकरी सोडू की नको. ते पुढे बघत ओरडून बोलणार, मी त्यांच्या कानाशी. तोंडं दिसत नाहीत म्हणून सगळं बोलता येतं. ऑगस्टपासून ते बंद आहे. मला मनगटापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं, हे इथे लिहिते, बोलून दाखवणं जमणार नाही.

सगळं झाल्यावर हात पुसत वि. म्हणाले, "बघ, आता तुला हात काढायची गरजच पडणार नाही."
चांगल्या मनाने म्हणाले. मला मात्र लागलं. मग मागे बसून मी करायचं काय?

१९ नोव्हें., बुध.



वि. हसत हसत घरात आले. स्वारगेटच्या सिग्नलला एक आजोबा शेजारी आले, जुन्या स्कूटरवर. हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाले, "साहेब, तुमची गाडी पुढून म्हणते डावीकडे आणि मागून म्हणते उजवीकडे. घरी एकमत करून निघत जा."
वि.ना ते इतकं आवडलं की जोडे काढायच्या आतच सांगितलं.

मला कळायला क्षण लागला नाही. पॅनेलचं काम कायम त्याच्या समोर उभं राहून. माझा डावा तोच पॅनेलचा डावा, जन्मभर. रविवारी मी गाडीच्या तोंडासमोर बसले होते. माझा डावा तो गाडीचा उजवा. तशाच जोडल्या वायरी. तपासतानाही समोरच उभी. वि. 'डावा' म्हणाले, माझ्या डाव्या हाताचा लागला, मी म्हटलं लागला. मागचे मागून बघितले म्हणून ते बरोबर. आणि सोमवारपासून हा माणूस रोज तसाच मार्केट यार्डात जाऊन येतोय, ट्रकांच्या मधून.

"हसताय काय?"
"अगं, काही झालं नाही ना."
"झालं असतं!"
मी ओरडलेच. शेजारच्यांचा टीव्ही लहान झाला.

वि. बसले. जोडे तसेच पायात. म्हणाले, "झालं असतं. ऑगस्टपासून मी रोज हेच म्हणतोय मनात. तुझं डोकं दुभाजकापासून एवढं लांब होतं." हाताने दाखवलं. एवढं.
मला वाटत होतं त्यांना दिव्यांचं वेड लागलंय.
मी पाणी आणून दिलं. आणखी काय करणार? रडू आलं, ते ओट्यापाशी उरकलं.

२० नोव्हें.

वि. बसने गेले. इंडि. दुरुस्त होईस्तोवर गाडी काढू नका म्हटलं, ऐकलं. मुकाट ऐकलं याचीच काळजी वाटली.

२१ नोव्हें., शुक्र.

काळजी खरी ठरली.
जेवताना, भाजीकडे बघत, "तरकारीतला एक अडत्या मागतोय गाडी. रविवारी दहाच्या सुमारास बघायला येतो म्हणालाय."
"विकायची?"
"एकट्याला कशाला एवढी मोठी? मला स्कूटर पुरते."

ही गाडी घेतली ती माझ्या कंबरेसाठी. दुकानात वि. पुढे बसलेच नव्हते, मला मागे बसवून स्वतः भोवती फिरत होते. "टेक नीट. पाय पोचतात? दुखत नाही ना?" विकणारा कंटाळला होता. पाठ टेकायची गादी नंतर वेगळी बसवून घेतली.

आणि मी काय म्हणाले? "तुमची गाडी, तुम्ही ठरवा."
का म्हणाले? जीभ ही अशी. मनात 'नको' होतं, तोंडातून पेठेतला तिरकसपणा बाहेर आला.
मग सावरायला म्हणून म्हटलं, "विकायची असली तरी डावा-उजवा नीट करून देऊ. लोकांना फसवायला नको."
"हो, ते खरं."
दोघेही किती शहाण्यासारखे वागतो आम्ही.

२२ नोव्हें., शनि.

वि. लवकर आले. उजेड होता. खाली गेलो.

दोन वायरींची अदलाबदल, काम एवढंसंच. पण तपासताना समोर उभं राहायला मी तयार नव्हते. म्हटलं, "मी गाडीवर बसते. म्हणजे माझा डावा तो गाडीचा डावा. तुम्ही समोर उभे राहा आणि जो लागेल त्याला हात लावा."
वि. बघतच राहिले. गाडी मोठ्या स्टँडवर होती, तरी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी चढले. पुढे, त्यांच्या जागेवर. ऑगस्टनंतर पहिल्यांदा गाडीवर बसले आणि तीही भलत्याच सीटवर.
डावा दाबला. वि. वाकले आणि हात लावला. बरोबर. उजवा. बरोबर. मागून एकदा बघून आले. बरोबर.

उतरणार होते, पण समोरचा सगळा रस्ता दिसत होता. फाटक, फाटकाबाहेरचा पेरूवाला, वळणावरची रिक्षा. किती लांबवर दिसतं पुढून! मला माहीतच नव्हतं.
"बसा मागे," मी म्हटलं.
"कशाला?"
"बसा तर."
बसले. गाडी करकरली.
"आता वाका. माझ्याएवढे व्हा. अजून खाली."
वाकले. हनुवटी माझ्या खांद्याच्या खाली आली तेव्हा म्हटलं, बस.
"काय दिसतं?"
"तुझी पाठ."
"आणि?"
"बाजूला लिमयांची कार. भिंत."
"रस्ता?"
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे काढून पाहिली. मग अगदी हळू, "इथून काहीच दिसत नाही गं."
"तेच तर. तुम्ही एवढा उजेड केलात तो सगळा तुमच्यापुढे. मला ब्रेक लागल्यावर कळतं की काहीतरी आलं होतं. इतकी वर्षं भीती नव्हती, आता वाटते. दिव्यांनी ती जात नाही."

हे बोलले मी. तोंडं दिसत नव्हती म्हणून जमलं.

वि. तसेच वाकलेले. म्हणाले, "मी सांगत जाईन. खड्डा आला तर खड्डा. वळायचं असलं तर आधी वळतोय म्हणून सांगेन. कुत्रं आडवं आलं तर कुत्रं."
"आणि मी काय करायचं?"
"तू मागून काय येतंय ते सांग. ते मला कुठे दिसतं?"

 तेवढ्यात लिमये आले. आम्ही दोघं उभ्या गाडीवर, जागा बदलून बसलेले, वि. अर्धे वाकलेले. लिमयांनी शांतपणे पाहिलं. "विकताय असं कळलं. की कुठे निघालात?"
वि. म्हणाले, "बघू."
 जिन्यात वि. माझ्या मागे मागे आले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुन्हा तेच.

२३ नोव्हें., रवि. सकाळ

वि. आंघोळ करून खाली गेलेत. गाडी पुसतायत, गॅलरीतून दिसतंय. गिऱ्हाईक यायचंय म्हणून पुसतायत की काय, कळत नाही. मागची सीट सगळ्यात शेवटी पुसली. दोनदा.

मी साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला. मग वाटलं हे काय चाललंय, पुन्हा साडी नेसायला घेतली. मग पुन्हा ड्रेस.  खोटं कशाला लिहू, कालच्या बोलण्याने भीती गेलेली नाही. वळणावर काय होईल माहीत नाही. गंज पेठेपर्यंत जाईन आणि रिक्षाने परत येईन, असंही होईल. पण आज ती गाडी फाटकाबाहेर गेली की आम्ही दोघं जन्मभर टीव्ही बघणार, हे मला स्वच्छ दिसतंय.

हेल्मेट सापडेना. मग आठवलं, माळ्यावर आहे. दवाखान्यातून आल्यावर मीच म्हटलं होतं, नजरेआड करा, आणि वि.नी ते पार आत सरकवलंय. स्टुलावर चढून पाहिलं. हात पुरत नाही. उजवा तर वर जातच नाही धड. वि.नीच येऊन काढून द्यायला हवं.

फाटकापाशी कुणीतरी स्कूटर लावतंय. जाडसा माणूस, कपाळाला गंध. वि.कडे बघून हात केला. तोच असणार.

गॅलरीतून 'अहो' अशी हाक मारली की या इमारतीतले निदान तीन नवरे वर बघतात. लिमये तर नक्कीच.
बघू देत.